चौकट सोडून

"डावीकडं नको," अण्णा म्हणाले. "सरळ घे."

फाट्यावर मी गाडी थांबवली होती. सरळ जाणारा डांबरी रस्ता आटपाडीकडे निघाला होता. डावीकडचा खडीचा, अरुंद, दोन्ही बाजूंनी बाभळी वाकलेला. फाट्यावरच्या दगडावर गावाचं नाव कसंबसं वाचता येत होतं. सावळेवाडी. अंतराचा आकडा उडून गेला होता.

"डावीकडं काय आहे?"

"काय नाही."

"मग तेच बघू की. नाहीतरी आपण काय नाही तेच बघत हिंडतोय."

एरवी अशा बोलण्यावर अण्णा हसायचे. त्या दिवशी त्यांनी काच आणखी खाली केली आणि बाहेर बघत राहिले. मी गाडी डावीकडे घातली.

आई जाऊन वर्ष होत आलं होतं. मी सांगलीला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायचे आणि दर रविवारी विट्याला अण्णांकडे यायचे. ते ओट्यावर बसून रस्ता बघत असायचे. मी आले तरी बघत असायचे, निघाले तरी बघत असायचे. एका रविवारी मी म्हटलं, बघायचाच आहे तर चला, गाडीतून बघू. जुनी मारुती मी नुकतीच घेतली होती. भावानं पुण्याहून एक लहान डिजिटल कॅमेरा पाठवला होता, तोही नुसता पडून होता.

तेव्हापासून आम्ही निघायला लागलो. हमरस्ता घ्यायचा नाही, कुठं पोचायचं ठरवायचं नाही, दोघांपैकी कुणीही 'थांब' म्हटलं की थांबायचं, एवढंच ठरलेलं. आणि सापडत काय काय जायचं! मैलाच्या दगडाला शेंदूर फासून केलेला देव, त्याच्यापुढं फोडलेला ताजा नारळ. पिंपरणीखाली वर्षानुवर्षं उभा असलेला रोडरोलर, त्याच्या चाकातून वर गेलेला घोसाळ्याचा वेल. ओढ्याकाठी पालथी पडलेली वीरगळ, जिच्यावर बायका धुणं आपटत होत्या. माळावर एकटंच उभं असलेलं एक दार, चौकटीसकट, मागं-पुढं घर नाही. त्या दाराला कुलूपही होतं. अण्णांची नजर माझ्यापेक्षा पुढं धावायची. मी फोटो काढायला उभी राहिले की ते मागून सांगायचे, "जरा उजवीकडं सरक. तुझी सावली येतीया."

नजर असणारच. अण्णा धंद्यानं पेंटर. निवृत्ती कुंभार हे नाव विट्यात कुणाला सांगून कळायचं नाही, पेंटर निवृत्ती म्हटलं की कळायचं. दुकानांच्या पाट्या, ट्रकची फळकुटं, खतांच्या आणि बियाण्यांच्या भिंतीवरच्या जाहिराती, कुटुंबनियोजनाच्या घोषणा. त्यांचं अक्षर लांबून ओळखू यायचं. पण ते फक्त अक्षरंच काढायचे. कुणी गणपती काढा म्हटलं, मारुती काढा म्हटलं, तर सांगायचे, "चित्राला दुसरा माणूस बघा." चित्र त्यांना येत नाही, असंच मी लहानपणापासून धरून चालले होते. आमच्या फिरण्यात त्यांच्या जुन्या भिंतीही अधूनमधून भेटायच्या. मी कौतुकानं फोटो काढायचे आणि ते नाक मुरडायचे. "ह्या 'क्ष'चा तोल गेलाय बघ. घाईत केलं असणार."

सावळेवाडी म्हणजे पन्नास-साठ घरं. गावात शिरताना उजव्या हाताला कौलारू शाळा होती, दोन खोल्यांची, पुढं पडवी. रविवार असल्यानं सगळं बंद. रस्त्यापलीकडे एक किराणा दुकान उघडं होतं. पडवीच्या आतल्या भिंतीवर मला काहीतरी रंगीत दिसलं आणि मी गाडी बाजूला घेतली.

"येताय?"

"गुडघा दुखतोय. तू जा."

मी पडवीत चढले. भिंतीवर सरस्वती होती, जवळजवळ माणसाएवढी. शाळेला दरवर्षी चुना देताना चित्राची चौकट सोडून देत असणार. चुन्याचे थर चढत चढत सभोवती चांगला बोटभर काठ तयार झाला होता आणि देवी एखाद्या कोनाड्यात बसल्यासारखी आत गेली होती. वीणा, कमळ, साडीच्या निऱ्या, सगळं कॅलेंडरवरून उतरवलेलं. मोर तर कोंबडीसारखा गुबगुबीत झाला होता. पण चेहरा कॅलेंडरवरचा नव्हता. सावळा, अरुंद कपाळाचा. डोळे जरा त्रासलेले, हातातलं काम टाकून कुणाच्या हाकेला आल्यासारखे. हनुवटीवर डाव्या अंगाला एक तीळ. देवीला तीळ मी त्याआधी पाहिला नव्हता.

मी एक फोटो पूर्ण चित्राचा काढला. मग जवळ जाऊन नुसत्या चेहऱ्याचा काढला. कॅमेरा खाली घेताना भिंतीच्या तळाशी नजर गेली. तिथं बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'पेंटर निवृत्ती, विटा'. तो 'ट' मी कुठंही ओळखला असता.

मी वळून गाडीकडे पाहिलं. अण्णा समोरच्या काचेतून सरळ पुढं बघत होते.

"फोटू काढू नगासा, बाई."

दुकानातली बाई रस्ता ओलांडून पडवीच्या पायरीपर्यंत आली होती. पन्नाशीला आलेली, अंगानं सडसडीत, डोक्यावर पदर, कपाळ मोकळं. पिठाचे हात ती पदराला पुसत होती.

"का हो? चालत नाही का इथं?"

"न चालायला काय. लोकं येत्यात, काढत्यात. कुनाला मोर आवडतो, कुनाला रंग. मी आपलं सांगती परत्येकाला." तिनं भिंतीकडे मान वळवली नाही. "ती मी हाय."

मला आधी नीट कळलं नाही. मग मी तिच्या हनुवटीकडे पाहिलं.

"तुम्ही?"

"गावात कुनालाबी इचारा. लहान पोरालाबी ठावं हाय." ती पायरीवर बसली. तिनं हे पूर्वीही पुष्कळ वेळा सांगितलेलं असावं. आवाजात रडं नव्हतं आणि रागही फारसा नव्हता. "दुस्काळाच्या पुढल्या साली एक पेंटर आलता. हितंच शाळंत ऱ्हायचा, गावातनं त्याला भाकरी यायची. आमचं घर त्या तिकडं. मी एक डाव त्याला पानी आनून दिलं. तांब्या ठिवला, त्यानं पानी पिलं, मी तांब्या घिऊन गेली. बोलली न्हाई, त्योबी बोलला न्हाई. आन चित्र झालं तवा गाव बघायला आलं. पयल्यांदा एक बाईच म्हनली, अगं बया, ही तर आपली शालन."

"मग?"

"मग काय. माझं ठरलं हुतं. कुडाळच्या मिलिटरीतल्या मुलासंग. त्यांच्यातली मानसं आली, बघितलं, गेली. हनवटीवरचा तीळ बघाया माणूस किती जवळ यावा लागतो, आसं त्याची आय म्हनली. माझ्या बाबानं मला मारलं. बोल म्हनला, कितींदा भेटलीस. काय बोलू? येकदा. तांब्या दिला म्हनून सांगितलं, तर आनि मारलं."

"पुसून का टाकलं नाही कुणी?"

"देवीला कोन पुसनार? पूजा झाल्याली. मास्तर म्हनले मी हात लावनार न्हाई. सरपंच म्हनले गावावर कोप हुईल. दर साली चुना देत्यात, चौकट सोडून." ती थोडं थांबली. "मग हितल्याच एका बिजवराला दिली मला. दोन पोरं हुती त्याला. मानूस वाईट नव्हता, पर शाळंवरनं जाताना मान खाली घालायचा. पोरं मातुर हसायची. म्हनायची, आय, तू शाळंतबी हाईस आन घरातबी."

एवढ्यावर ती जरा हसली. मग बायका विचारतात तेच तिनं मला विचारलं. कुठून आलात. मी सांगलीहून म्हटलं.

"सासर ते. म्हायेर कुठलं?"

खोटं बोलायला मला पुरेसा वेळ होता. पण दुसऱ्या गावाचं नाव काही तोंडात आलं नाही.

"विटा."

आता मात्र तिनं भिंतीच्या तळाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मग ह्यो तुमाला ठावं आसंल. हाय का मेला?"

गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. अण्णा उतरले, दार लावलं आणि गुडघ्यावर हात ठेवत ठेवत रस्ता ओलांडून आले. पायरीपासून चार हातांवर उभे राहिले.

"हाय," ते म्हणाले. "मीच त्यो."

शालनबाई उठली नाही. तिनं त्यांना पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं.

"म्हातारं झालासा."

"झालो."

"ही लेक?"

"लेक."

"तुमाला माझं नाव ठावं हुतं का?"

"न्हाई. आत्ता गाडीत आयकलं."

"माझंच तोंड का काढलं?"

अण्णा पायरीच्या दगडाकडे बघत बोलले. "कॅलेंडर आणलं हुतं मी. ते वाऱ्यानं उडून हिरीत पडलं. अंग, मोर, सगळं झाल्यालं, तोंड तेवढं ऱ्हायलं. दोन दिवस बसून हुतो. काय बी काढलं तरी बाहुलीगत दिसायचं. मग तुमी पानी घिऊन आला."

"आन काढलं."

"काढलं."

"इचारायचं तरी."

"सुचलं न्हाई."

"पुढं काय झालं ते कळलं हुतं का?"

मला वाटलं ते नाही म्हणतील. कुणीही नाही म्हणालं असतं, आणि ते खरं की खोटं हे कुणाला कधी कळलंही नसतं.

"कळलं हुतं," अण्णा म्हणाले. "त्याच साली. जत्रंत एकानं सांगितलं, पोरीचं लगीन मोडलं म्हणून."

दुकानापुढं एक शेळी येऊन पोत्यात तोंड घालत होती. शालनबाईनं बसल्या जागेवरून तिला हाकललं, मग पदर सारखा करून उभी राहिली.

"आता आलाय तर काम करून जावा."

"चुना आसंल तर समदंच पुसून टाकतो," अण्णा लगेच म्हणाले.

"समदं नगं. पोरं पाया पडत्यात तिच्या. तीळ घालवा. तेवढा माझा हाय."

रंग तिच्याच दुकानात निघाले. बेंदराला बैलांच्या शिंगांना लावायचे डबे उरले होते, पिवळा, तांबडा, पांढरा. ब्रश नव्हता. अण्णांनी काडीला देवाच्या वातीचा कापूस गुंडाळला, डब्याच्या झाकणावर रंग कालवले, त्यात चुलीतली चिमूटभर काजळी घातली आणि बोटाच्या नखावर लावून भिंतीशी धरून पाहिलं. तीन-चारदा तसं केलं. मी त्यांना असं काम करताना कधी पाहिलं नव्हतं. पाट्या रंगवताना ते शिट्टी वाजवायचे.

ते भिंतीजवळ गेले तेवढ्यात रस्त्यावरून आवाज आला. "ए! कोन हाय त्ये? देवीला काय करतोयस?"

गावातलाच एक वयस्क माणूस काठी टेकत येत होता. बिरूआबा, शालनबाई मला हळूच म्हणाली. जुना सरपंच.

"आबा, त्यो पेंटर हाय," ती मोठ्यानं म्हणाली. "ज्यानं काढली त्योच."

"आसंना का ब्रह्मदेव. पूजल्याल्या देवीला हात लावायचा न्हाई. गावाला इचारलं का?"

"मला इचारलं हुतं का गावानं?"

"शालन, उगा जुनं उकरू नगं. देवी हाय ती."

"देवी न्हाई, आबा. मी हाय ती." ती पडवीत चढली आणि चित्राशेजारी, चुन्याच्या काठाला खांदा लावून उभी राहिली. त्या दिवशी प्रथमच ती त्या चेहऱ्याजवळ गेली होती. "बघा की नीट. तुमीच म्हनला हुता, बाबाला सांगाया तुमीच आलता घरी. तवा मी हुती. आता देवी कशी झाली?"

म्हातारा पायरीशी थांबला. दोन्ही चेहरे त्याच्यासमोर होते. मग काठी टेकत तो पलीकडे दुकानाच्या फळीवर जाऊन बसला आणि पाठ करून बिडी पेटवली.

डाव्या हातानं उजवं मनगट धरून अण्णांनी काडी तिळावर टेकवली. एकदा, आणि वाळल्यावर परत एकदा. मग मागं होऊन त्यांनी पाहिलं. रंग हुबेहूब मिळाला होता. तरीही चेहरा तिचाच होता.

"कपाळ रुंद करू का?" त्यांनी विचारलं.

शालनबाईनं विचार केला. "करा."

"भुवया?"

"करा."

"डोळं?"

यावर तिनं बराच वेळ घेतला. "डोळं ऱ्हाऊ द्या. आता कुनाचं का असनात."

काम संपल्यावर तिनं मला कॅमेऱ्यातलं दाखवायला लावलं. मी आधीचा फोटो उघडला, नुसत्या चेहऱ्याचा. त्या लहानशा पडद्यावर तिनं नाक टेकेल इतकं जवळ जाऊन पाहिलं.

"ह्यो आसाच हाय? तिळासकट?"

"हो. आधीचा आहे."

"मला द्या ह्यो. त्या वयातला माझा फोटू न्हाई. लग्नातबी काढला न्हाई."

मी आणून देते म्हटलं. अण्णांनी डब्यांची झाकणं घट्ट लावून दुकानात ठेवली आणि आम्ही निघालो.

आम्ही डांबरी रस्त्याला लागलो. एका वळणावर, पडक्या धर्मशाळेच्या दारात कुणीतरी न्हाव्याची फिरती खुर्ची ठेवलेली दिसली, वर छत्री बांधलेली. मी गाडी हळू केली. "चल," ते म्हणाले.

"आईला माहीत होतं?"

"मीच सांगितलं. तू चार महिन्यांची हुतीस. ती म्हणली, जाऊन पुसून या. मी गेलो न्हाई. दुसऱ्यांदा म्हणली, तवाबी गेलो न्हाई. मग म्हणली, तर मग ह्यापुढं कुणाचं तोंड काढायचं न्हाई. ते मातुर पाळलं."

"भीती वाटली का? गावकरी मारतील म्हणून?"

त्यांनी हातावरचा रंग नखानं खरवडून काढला. पिवळा लवकर निघेना.

"मारलं असतं तर काय, खाल्ला असता मार," ते म्हणाले. "चांगलं झालं हुतं गं ते. तसं मला परत जमलं नसतं."

एवढंच. यानंतर या विषयावर आम्ही बोललो नाही. पुढच्या रविवारी आम्ही नेहमीसारखे निघालो आणि त्यानंतरही कितीतरी रविवार निघालो. ती शाळा आता पाडली आहे, तिथं स्लॅबची इमारत आहे. अण्णा जाऊनही बरीच वर्षं झाली. मी अजूनही आडरस्त्यानं गाडी घालते, अजूनही फोटो काढते. दारांचे, दगडांचे, यंत्रांचे.

शालनबाईला फोटो द्यायला मी त्या रविवारनंतर महिन्याभरानं एकटीच गेले होते. अण्णा म्हणाले होते, मोठा कर, चांगल्या कागदावर कर. निघताना दारापर्यंत आले आणि म्हणाले, "आपल्याला एक ठेव." मी हो म्हटलं. एकच प्रत काढली होती, दुसरी सावकाश काढायची होती.

पडवीतली देवी आता कुठल्याही शाळेतली देवी झाली होती. शालनबाईनं मला दुकानामागच्या खोलीत नेलं, गूळ-पाणी दिलं. पाकिटातून फोटो काढून ती खिडकीच्या उजेडात धरून बसली. मध्येच बोटानं हनुवटीला हात लावला, फोटोतल्या नव्हे, स्वतःच्या.

"लई बारीक हुती मी," ती म्हणाली. मग विचारलं, "ह्याचा दुसरा हाय?"

"कॅमेऱ्यात आहे."

"कॅमेरा आनलाय?"

पर्समध्येच होता. मी बाहेर काढला.

"पुसा."

मी तिच्याकडे पाहिलं. मला अण्णा दारात उभे असलेले आठवत होते. पण तिनं कशासाठी, कसं, असलं काही बोलून मला सोय करून दिली नाही. नुसती माझ्या हाताकडे बघत बसली. मी तो फोटो शोधला, तिला दाखवला आणि बटण दाबलं. मग पूर्ण चित्राचाही शोधला आणि तोही पुसला. पडद्यावर पुढचा फोटो आला, कुठल्याशा ओढ्यावरचा मोडका पूल.

कोपऱ्यात पत्र्याची पेटी होती. तिनं कुलूप काढलं, वरची लुगडी उचलली आणि फोटो तळाशी ठेवला.

"चौकट करून भिंतीवर लावला असता तर," मी म्हटलं, "छान दिसला असता."

बाहेर गिऱ्हाईक हाका मारत होतं. तिनं लुगडी परत रचली, झाकण दाबून कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचत उठली.

"नगं बाई," ती म्हणाली. "भिंतीवर लई वरसं काढली."

आणि गिऱ्हाइकाला साखर द्यायला बाहेर गेली.